कॅम्पर व्हॅनमधली दुसरी बॅटरी: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईको, ओम्नी, विंगर किंवा ट्रॅव्हलरच्या मागे गादी, पंखा आणि छोटा फ्रिज टाकायचं ठरलं, की हे प्रश्न येतातच. सोपे आधी घेतलेत, अडचणीचे मागाहून. सगळे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. २४ व्होल्टवाल्यांनी प्रश्न १५ आधी वाचावा.

१. दुसरी बॅटरी कशाला? गाडीचीच बॅटरी मोठी टाकली तर?

मोठी टाकली तरी जात तीच राहते. सेल्फ मारायच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि डायनॅमोकडून लगेच भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर पंखा आणि फ्रिज चालवून ती निम्म्याखाली उतरवत राहिलात, तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि काही महिन्यांत ती सेल्फही ओढेनाशी होते. शिवाय दाजीपूरला पहाटे पाचला बॅटरी बसली, तर धक्का मारायला कोण येणार? दुसरी बॅटरी वेगळी असली की ती पार रिकामी झाली तरी गाडी सुरू होते.

२. किती एएचची घ्यायची?

एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. आधी वहीत लोड लिहा, मग दुकानात जा. दोघांच्या एका दिवसाचा साधारण हिशेब असा: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा, पण निम्मा वेळच चालतो, म्हणजे २४ तासांत सुमारे ५४० वॅट-तास. २० वॅटचा पंखा आठ तास, १६०. पाच-पाच वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास, ६०. मोबाइल आणि लॅपटॉप मिळून ९०. एकूण ८५०.

१०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसतं ‘लिथियम’) म्हणजे १२८० वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे, म्हणजे सुमारे १०२०. वरचा दिवस निघतो. लेड-ॲसिड निम्म्यापर्यंतच उतरवायची असते. तेवढ्याच कामाला १५० एएच लागते आणि तिचे ९०० वॅट-तास जेमतेम पुरतात. फ्रिज नसेल तर या सगळ्याच्या निम्म्यात काम होतं. बहुतेकांना फ्रिजच महागात पडतो, पंखा नव्हे.

३. घरात इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. तीच टाकली तर पैसे वाचतील ना?

वाचतील, पण व्हॅनमध्ये झोपणार असाल तर नको. ती उभट, पाण्याची आणि पन्नास किलोच्या पुढची असते. भरताना हायड्रोजन सोडते आणि करूळ घाटाच्या वळणांवर ॲसिड झाकणांतून बाहेर येतं. ती वापरायचीच असेल तर बंद पेटीत ठेवून पेटीची नळी गाडीबाहेर काढा, आणि पेटीत कुठलाही रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा फ्यूज ठेवू नका. आत झोपायचं असेल तर सीलबंद एजीएम (लेड-ॲसिडचाच न सांडणारा प्रकार) किंवा लिथियम घ्या. १०० एएचची लिथियम साधारण ११ ते १३ किलो भरते, आणि ईकोसारख्या हलक्या गाडीत हा फरक मागच्या सस्पेन्शनला कळतो.

४. बॅटरी कुठे बसवायची?

लिथियम बॉनेटखाली अजिबात नको. तिथल्या उष्णतेत तिची बीएमएस (बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट) बॅटरी बंद करते, किंवा सेलचं आयुष्य घटतं. ड्रायव्हर-सीटच्या मागे, फरशीला धरून, शक्यतो दोन चाकांच्या मध्ये जागा बघा. फरशीला भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप आणि वायरिंगचा जुडगा कुठून जातो ते पाहून या. बोल्ट पत्र्यातून आरपार घ्या आणि खालून ५० मिलिमीटर रुंदीची जाड प्लेट लावा. साध्या वायसरवर पत्रा फाटतो. जोरात ब्रेक लागला तर बारा किलोची पेटी तुमच्या पाठीवर येऊ नये, हा बेत. नुसता बेल्ट किंवा झिप-टाय म्हणजे बसवणं नव्हे.

५. साधा रिले लावू की डीसी-डीसी चार्जर? फरक पुष्कळ आहे किमतीत.

रिले दोन बॅटऱ्या थेट जोडतो-तोडतो; डीसी-डीसी चार्जर पुढच्या बाजूची वीज घेऊन दुसरी बॅटरी तिच्या मापाने भरतो. दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड आणि डायनॅमो जुन्या पद्धतीचा असेल (तपासायचं कसं ते प्रश्न ६ मध्ये), तर रिले चालतो. त्यातही इग्निशनवरच्या चार पिनांच्या ३०-४० अँपिअर रिलेपेक्षा व्होल्टेज बघून जोडणारा रिले बरा. तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला तोडतो, त्यामुळे इंजिन बंद झाल्यावर दोन बॅटऱ्या एकमेकींना खात नाहीत. चार पिनांचा लावलात तर ८५ आणि ८६ कॉइलला, ३० आणि ८७ बॅटऱ्यांना.

लिथियमला मात्र डीसी-डीसी चार्जरच लावा. इथे काटकसर करू नका. लिथियमचा आतला रोध फार कमी. ती डायनॅमोला थेट जोडली तर तो देईल तेवढा सगळा करंट ओढते. डायनॅमोचा पंखा इंजिनाच्या वेगावर फिरतो, त्यामुळे कावळा नाक्याच्या सिग्नलवर इंजिन आयडलला असताना करंट भरपूर आणि वारा नाही अशी गत होते आणि डायनॅमो जळतो. दुसरा धोका कमी लोकांना माहीत आहे: भरत असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली, तर डायनॅमोचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि त्यात डायोड जातात, कधी गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्सही. डीसी-डीसी करंटला मर्यादा घालतो आणि मध्ये भिंत म्हणून उभा राहतो.

त्याचा आकार डायनॅमोच्या पाटीवरून ठरवा. पाटीवर लिहिलेल्या अँपिअरच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहा. छोट्या गाड्यांत २० अँपिअरचा आणि ट्रॅव्हलर-विंगरसारख्या डिझेलमध्ये ३० चा बहुतेकदा पुरतो.

६. माझी गाडी बीएस-६ आहे. डायनॅमो ‘स्मार्ट’ आहे का, ओळखायचं कसं?

१ एप्रिल २०२० नंतरच्या पुष्कळ गाड्यांत तो असतो, सगळ्यांत नसतो, म्हणून मीटर लावून बघा. बॅटरी भरलेली असताना गाडी अर्धा तास चालवा आणि व्होल्टमीटर शेजाऱ्याच्या हातात द्या. काटा सतत १४ च्या वर राहिला तर जुन्या पद्धतीचा. वेग धरल्यावर १२.६-१३ वर उतरला आणि ॲक्सिलरेटर सोडताच वर उसळला, तर स्मार्ट. तिथे व्होल्टेजवर चालणारा रिले दर थोड्या वेळाने जोडतो-तोडतो आणि दुसरी बॅटरी कधीच भरत नाही. डीसी-डीसीच हवा, तोही इग्निशन किंवा डायनॅमोच्या सिग्नल वायरीवर सुरू होणारा.

७. वायर किती जाडीची? दुकानदार म्हणतो सहा एमएम पुष्कळ झाली.

सहा एमएम घरातल्या गीझरला पुष्कळ. इथे व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त, आणि अर्धा व्होल्ट गळाला तरी फरक पडतो. हिशेब सोपा आहे: दोन गुणिले लांबी (मीटर) गुणिले अँपिअर गुणिले ०.०१७५, भागिले वायरीचं स्क्वेअर एमएम. उत्तर म्हणजे गळालेले व्होल्ट.

३० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टला ४३२ वॅट देतो. १३ व्होल्टवरून ते घेताना आणि चार्जरची स्वतःची गळती धरून आत सुमारे ३७ अँपिअर जातात. लोक इथेच ३० धरून चुकतात. पुढच्या बॅटरीपासून पाच मीटर अंतर असेल तर सहा एमएमवर १.१ व्होल्ट गळतात, दहावर ०.६५ आणि सोळावर ०.४. म्हणून १६ स्क्वेअर एमएम. चार्जर दुसऱ्या बॅटरीच्या जवळ, हातभर अंतरात बसवा, म्हणजे लांब वायर त्याच्या अलीकडे राहते आणि तिथली गळती तो भरून काढतो. २० अँपिअरच्या चार्जरला दहा एमएम चालते.

८. फ्यूज एका टोकाला लावला, पुरे ना?

नाही. लांब वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणजे करंट दोन्हीकडून येऊ शकतो. मध्ये कुठे पत्र्याने वायर कापली आणि फ्यूज एकाच टोकाला असेल, तर दुसऱ्या टोकाची बॅटरी आग लागेपर्यंत वायर तापवत राहील. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात एकेक फ्यूज हवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, उपकरण वाचवण्यासाठी नव्हे; म्हणून तो वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी आणि चालू करंटपेक्षा थोडा वर. १६ एमएम आणि ३७ अँपिअरला ६० अँपिअरचा मिडी फ्यूज.

काचेचे फ्यूज आणि गाडीत गाणी वाजवायच्या किटमधले चकचकीत होल्डर टाळा, ते स्वतःच वितळतात. घरची एमसीबीही नको. ती एसीसाठी बनलेली असते; डीसी करंट एसीसारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी वेळेवर तुटेल याचा भरवसा नाही. दोन-तीन लिथियम समांतर जोडणाऱ्यांनी बॅटरीच्या तोंडाशी क्लास टी फ्यूज लावावा. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते.

९. उद्यमनगरात वेल्डिंगची केबल स्वस्त मिळते. ती चालेल?

तांब्याची असेल तर उत्तम चालते. तारा बारीक आणि पुष्कळ, म्हणून वळते छान, आणि एचओएफआर प्रकारचं आवरण उष्णता आणि तेल सोसतं. पण त्याच रॅकवर ॲल्युमिनियमची केबलही असते, आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेलीही. कापून टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत द्या. वजनानेही कळतं, ॲल्युमिनियमची हाताला पोकळ लागते.

टोकाला टिनचा मुलामा दिलेलं तांब्याचं थिंबल, बोल्टच्या मापाच्या भोकाचं. ते हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या. उद्यमनगरात किंवा शिरोलीला पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये क्रिम्पर असतोच. चार थिंबलं दाबायला पाच मिनिटं लागतात. छन्नी-हातोडीने ठोकलेलं थिंबल आज घट्ट वाटतं, गगनबावड्याच्या रस्त्याच्या हादऱ्यांनी सहा महिन्यांत सैल होतं आणि तापतं. नुसतं सोल्डर केलेलं टोक कडक होऊन सोल्डर संपतं तिथे तुटतं. वर हीट-श्रिंक चढवा, पूर्ण वायर कॉरुगेटेड पाइपात घाला आणि पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट लावा.

१०. अर्थिंग सीटच्या बोल्टला दिलं तर?

सीटचा बोल्ट, बेल्टचा बोल्ट, दाराच्या बिजागरीचा बोल्ट, यांतला एकही नको. रंग आणि लॉकटाइटमुळे संपर्क धड होत नाही. चासीवर जागा निवडा, रंग चकचकीत धातूपर्यंत खरवडा, दातेरी वायसर घाला, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा रंग फासा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा पत्रा पंधरा दिवसांत गंजतो. अर्थची वायर प्लसच्याच जाडीची.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नव्या गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या मायनस टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तुमची अर्थ वायर थेट त्या टोकाला जोडलीत तर तुमचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा संगणक चुकीचा हिशेब धरतो. ती नेहमी चासीलाच जोडा.

११. जोडणीचा क्रम काय?

१. पुढच्या बॅटरीचं मायनस काढा. दुसऱ्या बॅटरीला अजून काहीही जोडू नका.
२. वायरी ओढा, थिंबलं लावा, दोन्ही फ्यूज-होल्डर बसवा. फ्यूज हातात ठेवा, होल्डरमध्ये घालू नका.
३. अर्थ जोडा. मीटरवर अर्थपासून दुसऱ्या बॅटरीच्या मायनसच्या जागेपर्यंत रोध जवळपास शून्य यायला हवा.
४. चार्जरचं इनपुट आणि आउटपुट जोडा. सेटिंग बॅटरीनुसार, लिथियमला १४.२ ते १४.४ व्होल्ट.
५. सिग्नल वायर: इग्निशन चालू केल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवर फ्यूज-टॅप लावून.
६. दुसरी बॅटरी जोडा, पुढचं मायनस परत जोडा.
७. फ्यूज घाला: आधी दुसऱ्या बॅटरीचा, मग पुढचा. किंचित ठिणगी उडते, तिला घाबरायचं कारण नाही.
८. इंजिन सुरू करून पंधरा मिनिटांनी प्रत्येक सांध्यावर बोटाची पाठ लावून बघा. चार्जर गरम लागणारच, सांधा लागता कामा नये.

१२. गाडी चालवताना किती भरेल?

३० अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ३० एएच देतो. पन्हाळ्याला पाऊण तास म्हणजे बावीस-तेवीस एएच. एका रात्रीचा पंखा आणि दिवे निघतात, फ्रिज निघत नाही. गगनबावड्याला दीड तास, ४५ एएच. आंबा घाटाने गणपतीपुळ्याला चार तास गेलात तर रिकामी १०० एएचची बॅटरी भरून पोहोचते. याउलट एकाच जागी तीन दिवस तळ टाकणाऱ्यांना डायनॅमो पुरत नाही. फक्त बॅटरी भरायला इंजिन आयडलला तासभर चालवणं म्हणजे डिझेलची नासाडी आणि डायनॅमोचा छळ.

१३. मग सोलर लावावा का?

तळ टाकायचा असेल तर लावा. २०० वॅटचं पॅनेल मोकळ्या उन्हात दिवसाला सुमारे ८०० वॅट-तास देतं, म्हणजे प्रश्न २ मधला जवळपास पूर्ण दिवस. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) घ्या. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची, मग पॅनेल, काढताना उलट. जून ते सप्टेंबर राधानगरी-गगनबावड्याच्या ढगात त्यावर विसंबू नका, तेव्हा डायनॅमोच कामाचा. झाडाच्या सावलीचा एक पट्टाही उत्पादन बरंच पाडतो.

१४. इन्व्हर्टरवर मिक्सर चालेल? वाटणाशिवाय रस्सा कसा होणार?

रास्त प्रश्न. ५०० वॅटचा मिक्सर १००० वॅटच्या प्युअर साइन इन्व्हर्टरवर निघतो. ७५० चा मिक्सर सुरू होताना दोन-तीन पट ओढतो, त्याला १५०० चा लागतो. १००० वॅट म्हणजे १२ व्होल्टला गळती धरून सुमारे ९३ अँपिअर. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या मीटरभर अंतरात, ३५ एमएमची वायर आणि १२५ अँपिअरचा फ्यूज. बॅटरी घेताना बीएमएस किती अँपिअरची ते विचारा. स्वस्त १०० एएचमध्ये कधी ५० चीच असते आणि मिक्सर घरघरला की अंधार. इंडक्शनचा नाद सोडा. २००० वॅट १२ व्होल्टवर काढणं म्हणजे दोनशे अँपिअरचा कारभार. त्यापेक्षा वाटण घरून करून न्या आणि गॅसवर शिजवा.

इन्व्हर्टरचं आउटपुट आणि बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची लाइन कधीही एकत्र जोडू नका. मध्ये चेंजओव्हर स्विच आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवी.

१५. गाडी २४ व्होल्टची आहे. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले तर?

हे हमखास केलं जातं आणि हमखास नडतं. एक बॅटरी जास्त उतरते, भरताना दुसरी जास्त भरते, आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. २४ वरून १२ देणारा डीसी-डीसी चार्जर घ्या.

१६. ईको सीएनजी आहे. काही वेगळं?

सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह आणि गॅसची नळी यांपासून रिले, फ्यूज आणि बॅटरी दूर ठेवा. वायर नळीला बांधायची नाही, शेजारूनही न्यायची नाही. शक्य असेल तर गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. सिलिंडरच्या पट्ट्यांना अर्थ तर मुळीच देऊ नका.

१७. अर्टिगा स्मार्ट हायब्रिडमध्ये आधीच लिथियम बॅटरी आहे. तीच वापरता येईल?

नाही. ती इंजिनाला मदत करायची छोटी बॅटरी आहे, तिला आणि तिच्या वायरींना हात लावू नका. प्रश्न ६ प्रमाणे स्मार्ट डायनॅमो धरून वेगळी बॅटरी आणि डीसी-डीसी.

१८. चार्जर दर मिनिटाला चालू-बंद होतो. खराब निघाला का?

दहापैकी नऊ वेळा वायर बारीक किंवा अर्थ सैल असतो. चार्जर सुरू झाला की करंट वाहतो, गळतीमुळे त्याच्या तोंडाशी व्होल्टेज पडतं, तो ‘इंजिन बंद झालं’ समजून थांबतो. थांबला की व्होल्टेज वर येतं आणि तो परत सुरू. चार्जर चालू असताना पुढच्या बॅटरीच्या प्लसवर आणि चार्जरच्या इनपुट प्लसवर मीटरच्या दोन दांड्या लावा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त आलं तर प्रश्न ७. मग तसंच दोन मायनसमध्ये. तिथे आलं तर प्रश्न १०. दोन्ही ठीक असतील आणि फक्त दुपारीच असं होत असेल, तर चार्जर तापतोय. त्याच्याभोवती चार बोटं मोकळी जागा सोडा, गादीखाली दाबू नका.

१९. मीटर १३.१ व्होल्ट दाखवतो. लिथियम किती भरली आहे?

व्होल्टवरून सांगता येत नाही. लेड-ॲसिड विश्रांतीनंतर १२.७ ला भरलेली आणि १२.१ च्या आसपास निम्मी असते. लिथियम मात्र बराच वेळ १३.० ते १३.३ मध्येच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. शंटवाला बॅटरी मॉनिटर लावा (शंट म्हणजे मायनसच्या वायरीत बसून येणारा-जाणारा करंट मोजणारी पट्टी). इन्व्हर्टर, सोलर, चार्जर, दिवे, सगळ्यांचं मायनस शंटच्या पलीकडे हवं. एक जरी थेट बॅटरीला गेलं तर मॉनिटर खोटं बोलतो.

२०. स्पितीला जाणार आहे. थंडीत काही होईल?

लिथियम शून्य अंशाखाली भरायची नसते. सेलवर धातू साचतो आणि तो परत जात नाही. बीएमएसमध्ये कमी तापमानाचं संरक्षण आहे का ते बघून घ्या. बॅटरी केबिनच्या आत ठेवा आणि सकाळी केबिन तापेपर्यंत चार्जरची सिग्नल वायर स्विचने तोडून ठेवा. आंबोलीच्या थंडीला एवढं काही नको.

२१. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर दुसऱ्या बॅटरीचं काय करायचं?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्क भागात पाणी किती चढलं होतं ते आठवत असेल. इशारा आल्यावर गाडी उंचावर नेता येत नसेल, तर निदान दोन्ही फ्यूज काढून ठेवा. बुडालेली लिथियम वाळवून ‘चालतेय की’ म्हणत भरू नका. गढूळ पाणी बीएमएसच्या पट्टीवर क्षार सोडतं आणि बिघाड कधी कधी आठवड्यानंतर उफाळतो. ती गाडीतून आणि घरातून बाहेर, मोकळ्या जागी ठेवा आणि विक्रेत्यामार्फत परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे. पाणी फक्त फरशीपर्यंत आलं असेल तर थिंबलं उघडून बघा. हिरवा थर दिसला तर वायर आतपर्यंत गेली, टोक कापून नवं लावा.

२२. आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी मूळ तपशिलाशी जुळेनाशा होतील असा फेरफार करता येत नाही. अडचण बहुधा बॅटरीमुळे येत नाही. सीटा काढल्या, छत वाढवलं की येते. तसं काही करणार असाल तर आधी आरटीओत विचारा, मग पत्रा कापा. बॅटरीबद्दल विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. वायरिंगमधून आग लागल्यावर सर्व्हेअर सगळ्यात आधी बाहेरून टाकलेली वायर शोधतो; फ्यूज, थिंबल आणि जोडणीचे फोटो आणि बिलं तेव्हा उपयोगी पडतात.